रंग ठरला, हँडलचं काय?

१४.२ किलोचा घरगुती सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात किती पाणी सोडून जातो? सुमारे २२ लिटर! गॅस जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं आणि ते वाफ होऊन हवेत मिसळतं. किलोभर गॅसमागं दीड किलोहून थोडं जास्तच. यात कुकरच्या शिट्ट्या आणि आमटीची वाफ धरलेली नाही. ही सगळी वाफ काही खिडकीतून निमूट बाहेर जात नाही. गार जागा दिसली की टेकते: डॅडोच्या फरशीवर, शटरवर आणि शटरच्या हँडलवर.

तर आजचा विषय हँडल. शिरूर असो की दौंड, ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि पुढं लाकडी दारं, हा आपल्याकडचा जुना थाट. आता कुणी तीच दारं नव्यानं रंगवून घेतो, तर कुणी ट्रॉल्या बसवताना लॅमिनेट टाळून पीयू किंवा ड्यूको रंग करून घेतो. शेडकार्डावर घरात आठवडाभर खल होतो. मोरपंखी की पिस्ता, यावरून सासू-सुनेत अबोला धरला जातो. हँडल मात्र मिस्त्रीच्या पिशवीतून निघेल ते! माझं म्हणणं एवढंच, की हँडलचं फिनिश शेडकार्ड बघून ठरवू नका. घरातलं पाणी, पीठ आणि हळद बघून ठरवा.

गाडीचा रंग ट्रॉलीला

मिस्त्री ज्याला ‘ड्यूको’ म्हणतो तो मुळात मोटारगाड्यांचा रंग. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीनं तो काढला आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलँड गाड्यांवर तो पहिल्यांदा चढला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. हा रंग फवारला की तासांत वाळायचा. ड्यू पाँटचा डबा आपल्या पेंटरनं कधी पाहिलेलाही नसतो, पण फवारा मारून केलेलं काम म्हटलं की ते ‘ड्यूको’च.

पीयूची जात वेगळी. त्यात हार्डनर मिसळतात आणि तो रंग नुसता वाळत नाही, आतून घट्ट होत जातो. हाताला कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला काही दिवस जातात. त्यामुळं संध्याकाळी पेंटरनं “वाळलं” म्हटलं की लगेच हँडल आवळू नका. हँडलच्या पायाचा गोल ठसा ओल्या रंगात कायमचा उमटतो, आणि पुढं हँडल बदलायची वेळ आली की तो ठसा लपवायला त्याच मापाचं हँडल शोधत फिरावं लागतं.

जुन्या वाड्यातल्या फडताळाची हिरवी-निळी ऑइलपेंटची दारं घासून पुन्हा रंगवणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत असलं पाहिजे, हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या रंगांना कसलीच हमी नाही. तेव्हा कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नका. वॉटरपेपरनं ओलं घासा, नाकाला मास्क लावा आणि लेकरांना त्या दिवशी मामाकडं पाठवा.

माशा पळवणारा निळा

रंगवलेल्या कपाटांचं जगातलं सगळ्यात गाजलेलं स्वयंपाकघर जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये ते आखलं आणि कामगारांच्या वसाहतींत त्याची हजारो स्वयंपाकघरं बसली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. कपाटांचा रंग निळा-हिरवा होता, कारण निळ्यावर माशा बसत नाहीत असा तेव्हाच्या संशोधकांचा समज होता. पीठ-साखरेसाठी अॅल्युमिनियमचे छोटे डबे होते. डब्यालाच मूठ आणि डब्यालाच ओतायचं तोंड! वेगळं हँडल नाहीच.

केडगाव-यवतकडं गुऱ्हाळ चालू असताना निळ्या रंगावर माशा बसतात की नाही, हे ज्यानं-त्यानं तपासून पाहावं.

रांजणगावची बिनमुठीची कपाटं

शिरूर तालुक्यात रंगीत दारांची कपाटं ढिगानं तयार होतात, फक्त आपण त्यांना फ्रीज म्हणतो. रांजणगाव एमआयडीसीत एलजी आणि व्हर्लपूल या दोघांचेही कारखाने आहेत. आज दुकानात फ्रीजच्या रांगेसमोर उभे राहा आणि बाहेर आलेली चकचकीत मूठ शोधा. बऱ्याच मॉडेलांत ती गायब झालेली दिसेल. दाराच्या कडेलाच बोटं जातील एवढी खाच असते.

हीच कल्पना आता ट्रॉल्यांमध्ये ‘प्रोफाइल हँडल’ म्हणून आली आहे. शटरच्या वरच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी बसते आणि बोटं आत घालून ओढायचं. दिसायला देखणं, पदर अडकायची भीती नाही. पण रंगवलेल्या शटरला ते घ्यायचं तर दोन गोष्टी पाहा. एक, पट्टी रंगाआधी मापून कापून बसवून बघावी लागते आणि रंगाच्या वेळी काढावी लागते. नाहीतर पट्टीच्या कडेनं रंगाचा पापुद्रा निघतो. दोन, त्या खाचेत पीठ साचतं. भाकरीच्या घरात तर साचतंच साचतं. आणि दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधायला काही उरत नाही, हे आणखी एक.

अॅल्युमिनियमवर जो सोनेरी, तांबूस किंवा काळा रंग दिसतो तो बहुतेक वेळा वरून फासलेला नसतो. अॅनोडायझिंगमध्ये विजेच्या मदतीनं धातूच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड करतात, त्यात बारीक छिद्रं असतात, त्या छिद्रांत रंग मुरवतात आणि वरून तोंडं बंद करतात. म्हणून तो सालासारखा सोलून निघत नाही. पावडर कोटिंगची तऱ्हा निराळी: विद्युतभारित कोरडी पावडर धातूला चिकटवायची आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजायची.

काळ्याची परीक्षा बाजरी घेते

मॅट ब्लॅक हँडल पांढऱ्या किंवा फिक्या शटरवर झकास दिसतं, यात वाद नाही. मासिकांतल्या फोटोंत तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण त्या फोटोतल्या स्वयंपाकघरात कुणी भाकरी थापत नसतं.

भाकरी थापता थापता मिठाची बरणी काढायला ट्रॉली उघडावी लागते. हात बाजरीच्या पिठानं भरलेला. काळ्या हँडलवर पाच बोटांचे पाच ठसे. ते पुसायला ओलं फडकं फिरवलं की बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ. ते जावेत म्हणून खसाखसा घासलं की मॅटची चकाकती टक्कल पडलेली जागा. दुकानात हँडल निवडताना खिशात पुडीभर पीठ घेऊन जा, असं मी गंमत म्हणून सांगत नाही. चिमूटभर पिठाचा हात लावा, ओल्या रुमालानं पुसा, वाळू द्या आणि मग भाव विचारा. दुकानदार हसेल, हसू द्या.

बोअरचं पाणी सगळं लिहून ठेवतं

आपल्या पट्ट्यात घोड, भीमा, कालवे सगळं असलं तरी वापरायला पुष्कळ घरांत बोअरचंच पाणी. जड पाणी म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. थेंब सुकतो, पाणी उडून जातं, क्षार तिथंच बसतात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो तोच हँडलवर.

हे डाग सर्वांत उठून दिसतात ते चकचकीत क्रोमवर आणि काळ्यावर. सगळ्यात कमी दिसतात सॅटिन किंवा ब्रश केलेल्या स्टीलवर, कारण त्यावर आधीच बारीक रेघा असतात आणि डाग त्यात हरवतो. सिंकखालच्या ट्रॉलीचं हँडल सगळ्यांत आधी खराब का होतं, हेही कळलं असेल. लिंबाच्या फोडीनं क्रोमवरचे क्षार सुटतात. फक्त मग साध्या पाण्यानं धुवून लगेच कोरडं करायचं.

क्रोमबद्दल आणखी एक. ‘सीपी’ म्हणजे क्रोम चढवलेल्या हँडलवरचा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. गंजापासून खरं राखण करतं ते क्रोमच्या खालचं निकेल. निकेलात कंजूषी केली, की वर्षभरात हँडलवर फोड येतात आणि आपण क्रोमला शिव्या घालतो.

चुंबक लावून फसाल

“स्टील अस्सल आहे, चुंबक लावून बघा!” हे वाक्य प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात ऐकायला मिळतं. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेडचं, असा हिशेब. पण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टीलही चुंबकाला दाद देत नाही! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून त्या जागी मँगेनीज घातलेलं असतं. ते दमट जागी, मिठाच्या संगतीत लवकर डागाळतं. दोघांतला फरक ओळखायला तपासणीचं द्रावण मिळतं, त्याचा थेंब टाकून बघतात. ते दुकानदाराकडं नसेल तर बिलावर ‘एसएस ३०४’ लिहून मागा. लिहायची वेळ आली की पुष्कळांची जीभ जड होते.

चुंबकाचा उपयोग मात्र दुसरीकडं आहे. ‘पितळी’ म्हणून दाखवलेल्या हँडलला तो चिकटला, तर आत लोखंड आहे. नाही चिकटला तर? पितळ असेल किंवा ‘व्हाइट मेटल’ असेल. व्हाइट मेटल म्हणजे जस्ताचं ओतीव मिश्रण. त्यालाही चुंबक लागत नाही. मग हातावर तोला. तेवढ्याच आकारात पितळ जस्ताच्या मिश्रणापेक्षा पाव पटीहून जास्त जड असतं. आणि अॅल्युमिनियम त्या पितळेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरतं.

स्टेनलेस स्टील हे तसं पोरसवदा. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी ते १९१३ मध्ये केलं, बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून धातू शोधताना. ते पोचलं मात्र जेवणाच्या ताटापर्यंत.

पितळ: आजीचं आणि मासिकातलं

पितळ काय चीज आहे हे दौंडकरांना वेगळं सांगायला नको. भीमा ओलांडून सिद्धटेकला गेलं की सिद्धिविनायकाचं मखरच पितळी आहे. घरातली देवघरं, समया, घंगाळी, हंडे. आपली अर्धी आयुष्यं पितळ घासण्यात गेली. त्यामुळं पाश्चात्त्य सजावटीची मासिकं चाळताना मला गंमत वाटते. तिकडं लॅकर न मारलेलं पितळी हँडल जास्त पैसे मोजून घेतात, कारण काय, तर ते वापरून काळपट होतं आणि त्याला ‘वय’ दिसतं! आपल्याकडं पितळेला असं वय दिसलं की लगेच चिंच भिजत घातली जायची. चिंचेतलं आम्ल वरचं काळं ऑक्साइड विरघळवतं आणि खालचं पिवळं उघडं पडतं. पुढं १९८९ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या पितांबरीनं चिंच-राखेची बरीचशी सुट्टी केली.

धातूवर दुसऱ्या धातूचं फिनिश चढवणं हेही आपल्या स्वयंपाकघराला नवं नाही. कल्हई म्हणजे दुसरं काय? पितळी पातेलं तापवायचं, नवसागर टाकून साफ करायचं, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. कथील २३२ अंशांलाच वितळतं, म्हणून कल्हईवाल्याचा भाता रस्त्याच्या कडेलाही पुरायचा. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकायचं, आणि ते ओतून देताना आजी कल्हईवाल्याच्या नावानं बोटं मोडायची.

आता पितळेची खरी मजा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात फिलिस कुन या बाईंनी १९८३ मध्ये दाखवून दिलं, की पितळी मुठींवर जंतू काही तासांत मरतात आणि स्टीलवर ते टिकून राहतात. स्टील दिसतं स्वच्छ, असतंच असं नाही! २००८ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं तांब्याच्या मिश्रधातूंची नोंदणी केली आणि नीट साफ ठेवलेल्या पृष्ठभागावर दोन तासांत ९९.९ टक्के ठराविक जीवाणू मरतात, असा दावा करायला परवानगी दिली. अट एकच: धातूवर लॅकर नको. आणि बाजारातलं बहुतेक चकचकीत पितळी हँडल लॅकर मारलेलंच असतं, नाहीतर दुकानातच काळं पडेल.

म्हणजे निवड सोपी आहे. लॅकर असलेलं घ्याल तर त्याला पितांबरी, चिंच, तारेची घासणी काही लावायचं नाही. एकदा लावलीत की लॅकर ठिकठिकाणी उडतं आणि हँडल कोड फुटल्यासारखं दिसतं. ओल्या मऊ फडक्यानं पुसायचं, बस. बिनलॅकरचं घ्याल तर ते घासताना शटरचा रंग सांभाळायचा, कारण घासायची पावडर रंगावरची चमक आधी खाते. दोन्हीपैकी एकही झेपणार नसेल तर पितळ देवघरातच ठेवा. मी तरी घरात काम करणारे हात किती आहेत हे मोजल्याशिवाय पितळी हँडल कुणाला सुचवणार नाही.

सोनं नाही, टायटॅनियम

‘पीव्हीडी गोल्ड’ या महागड्या हँडलमध्ये सोन्याचा कण नसतो. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करून नायट्रोजनच्या संगतीनं धातूवर बसवतात. तयार होतं टायटॅनियम नायट्राइड, दिसतं सोनेरी. झिर्कोनियम वापरलं तर फिकट पितळी छटा येते. तुमच्या मिस्त्रीच्या पेटीत एखादं सोनेरी ड्रिल बिट असेल ना, त्यावरही हाच लेप असतो. ज्या लेपानं लोखंडाला भोक पाडायचं, तोच लेप हँडलवर! त्यामुळं अंगठी-बांगडीनं तो सहसा ओरबाडत नाही. स्वस्तातलं ‘गोल्ड’ म्हणजे बहुधा साधं प्लेटिंग आणि वर रंगीत लॅकर. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो योग्यच आहे.

रोज गोल्डबद्दल विचाराल तर, पुढच्या चार वर्षांत कंटाळा येईल. बाकी तुमची मर्जी.

हळदीचं कुंकू

पांढऱ्या मॅट शटरवर हळदीचा हात लागला की आपण धावत साबण लावतो आणि डाग लाल होतो! घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं. हळदीला चुन्याची किंवा खाराची जोड देऊन कुंकू करतात, ते याच गुणावर. साबण क्षारयुक्त, म्हणून तुमच्या शटरवर कुंकू तयार झालं. डाग धुवून झाल्यावरही उरला तर त्या शटरवर ऊन येऊ द्या. कर्क्युमिन उन्हात फिकं पडतं.

खंडेनवमी-दसऱ्याला नव्या ट्रॉलीला हळदी-कुंकवाची बोटं लागणारच, आणि लागावीतही. ती रंगावर न लावता हँडलवर लावा. स्टीलवरून पुसली जातात, मॅट रंगात मात्र मुरतात.

३२ चा पाढा

९६, १२८, १६०, १९२, २२४, २५६. हे लॉटरीचे आकडे नाहीत. हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर आहे, मिलिमीटरमध्ये. सगळे ३२ च्या पाढ्यातले. युरोपात महायुद्धानंतर फर्निचरच्या यंत्रांनी रांगेत भोकं पाडायला ३२ मिलिमीटरचं अंतर धरलं आणि ते जगभर रुळलं. आपल्या दुकानात मात्र “चार इंची द्या, सहा इंची द्या” चालतं. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, हँडल निघतं ९६ चं. सहा इंच म्हणजे १५२.४, हँडल निघतं १६० चं. तोंडी मापावर भोकं पाडली की हँडल बसत नाही, आणि रंगवलेल्या शटरवरचं चुकीचं भोक लांबीनं भरलं तरी उजेडात दिसतंच.

यावर उपाय म्हणजे भोकं रंगाच्या आधी, आणि साचा करून. पुठ्ठ्याचा साचाही चालतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये उभारलेल्या विज्ञान आश्रमात लेझरनं अचूक कापणी करणारी फॅब लॅब आहे, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. हँडलच्या साच्यासाठी एवढी यंत्रणा लागत नाही, पण तालुक्यातल्या पोरांना मिलिमीटरची सवय तिथं लागते, हे महत्त्वाचं.

बांगडी, पदर आणि एलईडी

दोन्ही टोकं बाहेर आलेलं दांडीसारखं हँडल साडीचा पदर, ओढणी आणि पोराच्या चड्डीचा खिसा धरून ठेवतं. टोकं शटरकडं वळलेलं ‘डी’ हँडल घ्या. गोल नॉबमागं नखं आणि काचेच्या बांगड्या रंगावर घासत राहतात. जुने सुतार नॉबखाली पितळी पत्रा ठेवत, तो नुसता शोभेला नव्हता.

शोरूममध्ये पिवळसर दिवे असतात, आपल्या घरात बहुतेक ६५०० केल्व्हिनची पांढरीफेक एलईडी ट्यूब. त्या उजेडात पितळी छटा हिरवट-फिकी पडते आणि क्रोम निळसर दिसतं. रंगाचा नमुना मारलेला प्लायचा तुकडा आणि दोन-तीन हँडल रात्री आपल्या ट्यूबखाली धरून बघा.

माझा कौल

जड पाणी, भाकरी आणि रोजची हळद असलेल्या घराला सॅटिन फिनिशचं ३०४ स्टील, डी आकार, १२८ किंवा १६० चं माप. शटर कोणत्याही रंगाचं असो, ते भांडत नाही. हौस असेल तर एकाच कपाटाला, म्हणजे भिंतीवरच्या काचेच्या शटरला, पितळी नॉब लावा आणि घासायची जबाबदारी ज्याची हौस त्याच्यावर टाका. काळं आणि सोनेरी सिंकपासून लांबच्या माळ्याला.

आणि एवढं करा: हँडल घरात येऊन, भोकं पाडून, एकदा लावून-काढून झाल्याशिवाय पेंटरला ॲडव्हान्स देऊ नका.